मोटारसायकलवर फोनचं नॅव्हिगेशन: घाटात दगा देऊ नये म्हणून घरीच करायची तयारी

नाशिकहून पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे गाडी काढणाऱ्यांकडून दर पावसाळ्यात एकच तक्रार ऐकू येते: ‘घाटात जीपीएस गेलं.’ खोदून विचारलं की कळतं, जीपीएस गेलेलंच नव्हतं. नकाशा उतरवून ठेवलेला नव्हता, चार्जिंगची वायर खड्ड्यात ढिली झाली होती, नाहीतर फोन तापून स्क्रीन काळवंडली होती. या तिन्ही गोष्टींचा इलाज घरी असताना होतो, सावळ घाटात पावसात उभं राहून होत नाही.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. फोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहांकडून कळतं. त्या जागेच्या आजूबाजूला काय आहे हे नकाशाकडून कळतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ संदेश पाठवत असतात. फोन ते फक्त ऐकतो, आणि चार उपग्रह नीट ऐकू आले की उंचीसह आपली जागा काढतो. त्यासाठी सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, डेटा लागत नाही. रेंज गेल्यावर बंद पडतो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा.

रेंजचा उपयोग होतो तो सुरुवातीला. कोणता उपग्रह आत्ता आकाशात कुठे आहे हे फोन इंटरनेटवरून पटकन मागवून घेतो. रेंज नसेल तर हीच माहिती त्याला उपग्रहांकडून हळूहळू ऐकावी लागते. जीपीएसच्या सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून रेंज नसलेल्या गावात, बराच काळ बंद असलेला फोन चालू केला की बाण जागेवर यायला वेळ घेतो. फोन बिघडलेला नसतो, त्याला थोडा वेळ द्यायचा असतो.

आणि ढगांचा यात जवळजवळ काही संबंध नाही. हे संदेश ढगांतून आणि पावसातून खाली येतात. अडवतात ते पूल, बोगदे, उंच भिंती आणि डोंगरकडे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले सहा टप्पे निघायच्या दोन दिवस आधी उरकायचे आहेत, पहाटे पाच वाजता हेल्मेट घालून नाहीत.

## टप्पा १: फोनची सेटिंग

नकाशाच्या अ‍ॅपला स्थानाची परवानगी दिली म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत ‘अचूक स्थान’ असा वेगळा पर्याय असतो. तो बंद असेल तर अ‍ॅपला तुमचा फक्त अंदाजे परिसर कळतो आणि बाण कॉलेज रोडवर दिसायच्या ऐवजी गंगापूर रोडवर दिसतो. लोक मग नकाशाला दोष देतात. आधी हा पर्याय बघा.

त्यानंतर बॅटरी. बॅटरी सेव्हर चालू असेल तर काही फोन स्क्रीन बंद होताच अ‍ॅपला जागा सांगणं थांबवतात. शिवाय बरेच फोन मागे चालणारी अ‍ॅप्स आपल्या मनाने बंद करतात. नकाशाच्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन ‘निर्बंध नाहीत’ निवडा.

स्क्रीन आपोआप फिरणं बंद करा, नाहीतर गाडी वळणावर झुकली की नकाशा आडवा होतो. ‘व्यत्यय आणू नका’ चालू करा. ऐन चौकात कुणाचा फोन आला आणि अख्खी स्क्रीन त्या नावाने भरली की वळण हुकतंच. घरच्यांचे दोन नंबर अपवाद म्हणून ठेवा, बाकीचे थांबतील.

अँड्रॉइड असेल तर जीपीएसटेस्ट नावाचं मोफत अ‍ॅप घेऊन एकदा गच्चीवर उभे राहा. किती उपग्रह दिसतात, त्यांतले किती वापरात आहेत, हे त्यात कळतं. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि काही फोनमध्ये आपल्या इस्रोचे नाविक असे सगळे उपग्रह दिसतात. यादीत एल-५ हा दुसरा रेडिओ पट्टा (फ्रिक्वेन्सी) दिसला तर तुमचा फोन दाट वस्तीत जरा जास्त भरवशाचा, कारण भिंतींवर आपटून उशिरा आलेला संदेश आणि थेट आलेला संदेश यातला फरक त्याला चांगला कळतो. नसला तरी नवीन फोन घ्यायचं कारण नाही. मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो, आणि गाडीला तेवढं पुरतं.

तपासा: नकाशाचं अ‍ॅप उघडून गच्चीवर दोन मिनिटं उभं राहिल्यावर निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान होत जवळजवळ दिसेनासं झालं पाहिजे. ते मोठंच राहिलं तर परवानग्या पुन्हा बघा.

## टप्पा २: नकाशा उतरवून ठेवा, आणि सीमेपलीकडचाही

नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला. बहुतेक जण नकाशा उतरवतात तो ‘नाशिक’ असं शोधून, आणि अ‍ॅप जी चौकट दाखवतं ती तशीच मान्य करतात. त्या चौकटीत शहर आणि आजूबाजूची गावं येतात. मग पेठच्या पुढे कोरी पाटी.

चौकट हाताने ओढून मोठी करा. आणि जिल्ह्याच्या सीमेवर थांबू नका. पेठवरून पुढे गेलात की गुजरात लागतो, वणी-बोरगाव करत सापुताऱ्याला पोचलात की डांग, त्र्यंबकवरून मोखाडा-जव्हारकडे उतरलात की पालघर, घोटीवरून भंडारदऱ्याकडे वळलात की अहिल्यानगर. आपण ज्या भागात फिरायला जातो तो सगळा सीमेवरचा डोंगराळ पट्टा आहे, आणि रेंज नेमकी तिथेच जाते. एक चौकट मोठी होत असेल तर दोन करा.

गुगल मॅप्समधला उतरवलेला नकाशा मुदतीचा असतो. मुदत संपली की तो काढून टाकला जातो. मागच्या वर्षी उतरवला होता एवढ्यावर विसंबू नका. निघण्याआधी ऑफलाइन नकाशांच्या यादीत तारीख बघा आणि वायफायवर अपडेट करून घ्या.

माझा आग्रह आहे की दुसरं एक अ‍ॅप फोनमध्ये असावंच: ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशांवर चालतात, पूर्ण राज्याचा नकाशा फोनमध्ये ठेवतात आणि इंटरनेटशिवाय शोध घेऊन रस्ता काढून देतात. शहरात ट्रॅफिक बघायला गुगल बरं, पण डोंगरातल्या पायवाटा, पाड्यांची नावं आणि गाडीवाटा या नकाशांत पुष्कळदा जास्त बारकाईने सापडतात.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि घरापासून मुक्कामाच्या जागेपर्यंतचा रस्ता काढायला सांगा. रस्ता निघाला, नकाशा मोठा करून शेवटच्या गावातल्या गल्ल्या दिसल्या, तर घाटातही दिसतील. नाही निघाला तर तुमच्याकडे नकाशा नाही, यादीत काहीही लिहिलेलं असो.

हे मी शिकलो ते हरिहर किल्ल्यावर जाताना. शहरात रेंज असताना रस्ता चालू केला होता, त्र्यंबकपर्यंत सगळं सुरळीत. पुढे एका टपरीवर चहाला थांबलो आणि बॅटरी वाचावी म्हणून अ‍ॅप बंद केलं. परत उघडलं तेव्हा करड्या पडद्यावर एकटा निळा ठिपका. जागा अगदी बरोबर दाखवत होता, पण भोवती एक रेघ नव्हती. रेंज असताना काढलेला रस्ता अ‍ॅप चालू होतं तोवरच शिल्लक होता. टपरीवरच्या मावशींनी बोटाने दाखवलेल्या वाटेने आम्ही पोचलो, पण दीड तास उशिरा, आणि उतरताना अंधार पडला.

सावध: रेंज नसलेल्या भागात चालू असलेला रस्ता बंद करू नका. थांबलात तर फक्त स्क्रीन बंद करा.

## टप्पा ३: ठिकाण नेमकं कोणतं, हे आधी ठरवा

नाव टाकलं, पहिला पर्याय दाबला आणि निघालो: चुकीच्या जागी पोचण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग.

आपण ‘वणीला जातोय’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात सप्तशृंगीचा गड असतो. फोनच्या लेखी वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातलं गाव, किंवा थेट यवतमाळ जिल्ह्यातलं वणी शहर. गडावर जायचं तर नांदुरीहून घाट चढावा लागतो. म्हणून ‘सप्तशृंगी गड’ टाका आणि रस्ता नांदुरीवरून जातोय ना, ते बघा. तसंच ‘देवळाली’चं. देवळाली कॅम्प आपल्या नाशिक रोडला लागून, आणि देवळाली प्रवरा तिकडे राहुरीजवळ. ‘पेठ’ टाकलं की पुण्याच्या साऱ्या पेठा रांगेत उभ्या राहतात. नावासोबत तालुका नाहीतर जिल्हा टाकायची सवय लावा.

किल्ल्यांच्या बाबतीत वेगळीच गंमत होते. ‘हरिहर’ शोधलं की पिन पडते गडमाथ्यावर. गाडी काही तिथे जात नाही, म्हणून अ‍ॅप नकाशावरून जो रस्ता सगळ्यात जवळ दिसेल तिथे नेऊन सोडतं. हरिहरच्या पायथ्याला हर्षेवाडी आणि निरगुडपाडा अशी दोन गावं आहेत, गडाच्या दोन वेगळ्या बाजूंना. कोणत्या बाजूने चढायचं ते आधी ठरवा आणि त्या गावाचं नाव टाका. नियम एवढाच: पिन नेहमी गाडी लावायच्या जागेवर, डोंगराच्या टोकावर नाही.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर ते कसे लिहिलेत ते बघा. २०.५० अंश आणि २० अंश ५० मिनिटं हे एकच नव्हे. दुसऱ्याचं दशांशात रूपांतर होतं २०.८३, आणि या दोन जागांमध्ये उत्तर-दक्षिण सुमारे ३७ किलोमीटरचं अंतर पडतं. दशांशानंतर निदान चार अंक हवेत. चार अंकांनी जागा साधारण दहा-अकरा मीटरपर्यंत पक्की होते.

तपासा: पिन पक्की झाली की ती ‘सेव्ह’ करा आणि सोबतच्या दोघांना पाठवा. दोघांच्या फोनवर ती त्याच जागी उघडतेय का, ते घरूनच विचारा.

## टप्पा ४: रस्ता दुचाकीचा आहे का?

गुगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला. तरी आजही अनेक जण चारचाकीच्या चित्रावरच रस्ता काढतात, कारण एकदा तो निवडला की तोच लक्षात राहतो. नाशिककरांसाठी ही चूक महागात पडणारी आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. चारचाकीच्या पर्यायावर नाशिकहून मुंबईचा रस्ता काढलात तर अ‍ॅप तुम्हाला इगतपुरीजवळ समृद्धीवर चढवू पाहील, आणि नाक्यावरून परत फिरावं लागेल.

रेंज नसताना अ‍ॅपमधले पर्याय कमी होतात. विमान मोडच्या चाचणीतच दुचाकीचं चित्र दिसतंय का बघून घ्या. नसेल तर ‘टोल टाळा’ दाबून समृद्धी सुटेल, पण मग घोटीच्या टोलचा जुना महामार्गही सुटेल आणि गावागावांतून फिरत बसाल. त्यापेक्षा मधले थांबे टाका: नाशिक, घोटी, इगतपुरी, कसारा. रस्ता आपल्याला हवा तिथून बांधून घेण्याची हीच खात्रीची रीत आहे.

मग अख्खा रस्ता बोटाने सरकवत एकदा बघा. हा कंटाळवाणा भाग लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. अ‍ॅप चार मिनिटं वाचवायला डांबरी सोडून शेतातल्या वाटेवर घालतं. उपग्रहाचं चित्र लावून पाहिलं की डांबर आणि माती ओळखू येते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा: रस्ता ओढा किंवा नदी कुठे ओलांडतो. आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी पूल नसतो, फरशी असते. फरशीवरून पाणी वाहतंय हे अ‍ॅपला कळत नाही. अशा जागा लक्षात ठेवा आणि दुसरा रस्ता हाताशी असू द्या.

शहरातही सध्या हेच धोरण ठेवा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदले जातात, वळवले जातात, आणि नकाशाला ते कळायला वेळ लागतो. समोर बॅरिकेड असेल तर बॅरिकेड खरं.

## टप्पा ५: फोन गाडीवर बसवणं

बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं असतं, त्यावर पकड बसेल असा होल्डर घ्या. स्कूटरचं हँडल झाकलेलं असल्यामुळे होल्डर आरशाच्या दांडीवर लावतात. तिथे थरथर जास्त लागते, म्हणून पकड आणखी घट्ट हवी.

फोनला चारही कोपऱ्यांतून धरणारा होल्डर निवडा. फक्त दोन बाजूंनी दाबणारा स्वस्त होल्डर खड्ड्यात सुटतो. स्प्रिंगवर चालणारा असेल तर रबरी जाळी किंवा दोरी लावाच: एक टोक होल्डरला, दुसरं फोनच्या कव्हरला. ही दोरी फोन पडला तरी त्याला चाकापर्यंत पोचू देत नाही. चुंबकाचा होल्डर गाडीवर नको. पकड अपुरी पडते आणि फोनमधलं होकायंत्रही बिघडतं.

आता कॅमेऱ्याचं. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, त्यात भिंग बारीक आधारावर हलतं असतं. मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर सतत लागली की ही यंत्रणा कायमची खराब होऊ शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला होता. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या, त्यामुळे थरथर भरपूर. म्हणून थरथर शोषणारा रबरी जोड, ज्याला दुकानात डॅम्पर म्हणतात, तो होल्डरसोबत घ्या. मी तर पुढे जाऊन सांगेन, घरात जुना फोन पडला असेल तर तोच हँडलवर लावा. उपग्रह ऐकायला सिम लागत नाही, आणि आपला रोजचा फोन खिशात सुरक्षित राहतो.

उंची अशी ठेवा की मान न वाकवता फक्त नजर खाली गेली की स्क्रीन दिसेल, पण स्पीडोमीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जाणार नाहीत.

तपासा: गाडी उभी करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. फोन टाकीला घासतोय का, वायर ताणतेय का, क्लच-ब्रेकच्या आड काही येतंय का? मग घराजवळच्या गतिरोधकांवरून दोन किलोमीटर फिरून या आणि सगळे स्क्रू पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत ते हमखास सैल होतात.

## टप्पा ६: वीज

स्क्रीन पूर्ण उजेडावर, उपग्रहांचं ऐकणं चालू, रेंजसाठी धडपड चालू. असा फोन नुसत्या बॅटरीवर दिवसभर टिकत नाही. दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग पॉवर बँकेचा. ती टाकीवरच्या बॅगेत ठेवायची आणि छोटी वायर फोनला. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फिरतीला हेच पुरे, आणि गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही.

नेहमी फिरणाऱ्यांनी गाडीवर चार्जर बसवावा. काम वायरिंगवाल्याकडून करून घ्या, पण काय करायचं ते तुम्ही सांगा. चार्जरची लाइन चावी बंद केली की बंद झाली पाहिजे. त्यासाठी रिले, म्हणजे चावीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकायला सांगा. लाइन थेट बॅटरीला जोडली तर चार्जर रात्रभर थोडी थोडी वीज पीत राहतो, आणि आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर १० वॉट देतो, म्हणजे गाडीच्या १२ व्होल्टच्या बाजूने साधारण एक अँपिअर. त्यामुळे तीन अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. पंधराचा टाकला तर वायर जळेल आणि फ्यूज शाबूत राहील.

वायर चांगली घ्या. बारीक वायरीतून फोन ‘चार्जिंग’ दाखवतो आणि टक्के तरी उतरत जातात. काटकोनात वळलेली पिन असेल तर खड्ड्यांत ती कमी निखळते. फोनजवळ वायरला बोटभर ढील ठेवून होल्डरला बांधा, म्हणजे झटका पिनेवर येणार नाही.

तपासा: अर्धा तास नॅव्हिगेशन चालू ठेवून गाडी चालवा. टक्के वाढले किंवा तेवढेच राहिले तर ठीक. घटले तर वायर बदला, मग चार्जर.

## टप्पा ७: आवाज

खरं नॅव्हिगेशन कानाने होतं. हेल्मेटमधला ब्लूटूथ स्पीकर असेल तर स्क्रीन बंद ठेवूनही प्रवास होतो, बॅटरी वाचते आणि फोन कमी तापतो. कान पूर्ण बंद करणारे इअरफोन मात्र घालू नका, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. सूचनांचा आवाज घरी ठीक वाटतो आणि साठच्या वेगात वाऱ्यात बुडतो, म्हणून तो रस्त्यावर बाजूला थांबून जुळवा.

## टप्पा ८: निघताना

गाडी पार्किंगमधून बाहेर काढा. इमारतीखाली उभं राहून रस्ता चालू करू नका. छताखाली फोनला चुकीची जागा मिळते आणि पहिलंच वळण उलटं सांगितलं जातं. मोकळ्यावर आल्यावर निळं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा. घरच्या वायफायवर असतानाच अ‍ॅप उघडलेलं असेल तर याला मिनिटही लागत नाही.

उभ्या गाडीवर बाण भलतीकडे तोंड करून असेल तर घाबरू नका. थांबलेले असताना फोन दिशा होकायंत्रावरून ओळखतो, आणि गाडीचं लोखंड त्याला चकवतं. चालायला लागलात की दिशा उपग्रहांवरून कळते. वीस-तीस मीटर सरळ गेलात की बाण सरळ होतो. तरीही चुकत असेल तर फोन होल्डरमधून काढा आणि हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवा.

## टप्पा ९: चालवताना

साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत तर तेहतीस मीटर न बघता गेलात. म्हणून चालत्या गाडीवर स्क्रीनला बोट लावायचं नाही, नकाशा मोठा करायलासुद्धा नाही. कायद्याचंही तेच म्हणणं आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२० च्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना अशा साधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो.

वळण हुकलं तर हुकू द्या. अ‍ॅप नवा रस्ता काढेल. करकचून ब्रेक लावून चुकलेलं वळण पकडायला जाणं, हा माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या दोन अपघातांचा प्रकार आहे.

नाशिकमध्ये फोन सगळ्यात जास्त फसतो तो मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर. पूल वर, सर्व्हिस रोड बरोबर त्याच्या खाली. नकाशावर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटलेल्या. फोनला उंचीचा अंदाज कच्चाच असतो, त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे अ‍ॅप नुसतं ताडतं. वर असताना ‘द्वारका चौकात डावीकडे वळा’ ऐकू आलं तर तो चौक तुमच्या पायाखाली असतो. खालून जाताना पुलाची सावली उपग्रह अडवते आणि बाण उड्या मारतो. म्हणून मुंबई नाका किंवा द्वारकेला उतरायचं असेल तर पूल सुरू व्हायच्या आधीच वर की खाली ते तुम्ही ठरवा, आणि त्या पट्ट्यात पाट्यांवर विसंबा.

जुन्या नाशकातही तसंच. भद्रकाली, रविवार कारंजाच्या गल्ल्यांत भिंती इतक्या जवळ की संदेश आपटून आपटून येतात आणि बाण शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. तिथे वळणं मोजा.

## टप्पा १०: ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशी गाठतो. फोन त्यासाठी बनलेले नसतात. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं सांगते. त्यात थेट ऊन, पूर्ण उजेड आणि चार्जिंग एकत्र आलं की फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो, शेवटी बंद पडतो. अशा दिवशी फोन बंद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. सकाळच्या गारव्यात चार्ज करून घ्या, दुपारी वायर काढा, स्क्रीन बंद ठेवून आवाजावर चला. तापलाच तर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. गार पाणी ओतू नका.

पावसात प्रश्न उलटा. थेंबांना स्क्रीन बोट समजते आणि रस्ता आपोआप बंद होतो किंवा बदलतो. रस्ता चालू केला की स्क्रीन बंद करा. फोन जलरोधक असला तरी ओल्या पोर्टमध्ये चार्जिंगची पिन खुपसू नका. पावसात पाकीट वापरायचं आणि पॉवर बँकेची वायर पाकिटातूनच घ्यायची. पाकिटाला आतून वाफ धरते, म्हणून फोन कोरडा करून मगच आत घाला.

## टप्पा ११: बाण थांबला तर

गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, कड्यापासून आणि झाडांपासून जरा दूर, आणि या क्रमाने चला. निळा ठिपका आहे पण नकाशा नाही? नकाशाचा प्रश्न आहे, दुसरं अ‍ॅप उघडा. नकाशा आहे पण ठिपका करडा किंवा वर्तुळ मोठं? फोन आकाशाकडे तोंड करून दोन-तीन मिनिटं शांत धरा. तरी नाही, तर स्थान बंद करून पुन्हा चालू करा. त्यानेही नाही झालं तर बॅटरी सेव्हर आपोआप चालू झालाय का बघा. टक्के कमी झाले की तो स्वतःच लागतो. फोन बंद करून चालू करणं अगदी शेवटी, कारण चालू असलेला रस्ता त्यात जातो.

आणि टाकीवरच्या बॅगेत एक चिठ्ठी ठेवाच, ओल लागणार नाही अशी. तिच्यावर गावांची नावं क्रमाने: नाशिक, करंजाळी, पेठ. किंवा दिंडोरी, वणी, बोरगाव, सापुतारा. फोन पूर्ण गेला तर पुढच्या गावाचं नाव तोंडी हवं. फाट्यावर कुणाला विचारताना ‘हा रस्ता पेठला जातो का?’ असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘दादा, पेठचा रस्ता कोणता?’ असं विचारा, आणि तो हात कुठे करतो ते बघा.